वाऱ्याची हद्द

मटकीच्या रानातून बाजरीनं डोकं वर काढलं ते सगळ्यांत आधी बनुबाईलाच दिसलं, आणि आठ दिवस ती त्यावर कुणाशी एक शब्द बोलली नाही.

मटकी भुईला धरून पसरलेली, आणि तिच्यातून इथं एक, तिथं दोन अशी हिरवी ताटं उभी. बोलावणं नसताना पंगतीत येऊन उभ्या राहिलेल्या माणसांसारखी. रोज तांबडं फुटायला बनुबाई त्यांच्यातून हिंडून यायची. ताटं पोटरीत आली होती. बोटांनी चाचपलं की आत कणसाचा गरवार फुगवटा लागायचा. पोटुशी लेक माहेरी आली की तिच्या पोटावर जसा हात ठेवतात, तसा तिनं एकेकीवर हात ठेवला आणि म्हणाली, "दमानं घ्या गं."

पण पीक कुणाच्या सांगण्यानं थांबतं?

तिचं छप्पर माळाच्या कडेला होतं. खाली विहिरीजवळ दिरांचं घर, आणि घरापासून छपरापर्यंत एक पायवाट, जिच्यावरून हल्ली फारसं कुणी वर येत नव्हतं. सात वर्षांपूर्वी नवरा, आसाराम, गेला, तेव्हा बनुबाई आपणहून म्हणाली होती, मी वरच राहते, रानही राखलं जाईल. एकदा नको म्हणतील, मग पुन्हा एकदा नको म्हणतील, असं तिला वाटलं होतं. ते एकदाच म्हणाले.

पोटी मूल नव्हतं. सासू गेली तेव्हा धाकटा दीर राधाकृष्ण तीन वर्षांचा होता. त्याला तिनं वाढवला, आपल्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून भरवली. तो राहुरीला शेतीचं शिकून आला आणि त्याच्याबरोबर वस्तीवर हायब्रीड बाजरीचा प्लॉट आला.

हा प्लॉट खाण्याच्या बाजरीचा नव्हता, बियाण्याचा होता. चार ओळी मादीच्या, दोन ओळी नराच्या. पहिल्या वर्षी भेसळ काढायला आलेल्या बायका त्या ओळींवरून इतक्या हसल्या होत्या, की राधाकृष्णाला कान लाल करून बांधावर जाऊन उभं राहावं लागलं. एकजण म्हणाली होती, आमच्या घरात चार बायकांना दोन गडी पुरत न्हाईत, हितं बरं पुरत्यात. मादीच्या ओळीला स्वतःचा फुलोरा लागू होत नाही, ती नराच्या ओळीकडून घेते आणि तिच्यावर जे धरतं ते बी. ते पोत्यात भरून कंपनीची ट्रक घेऊन जाते, ते दूरदूरच्या मुलखात पेरलं जातं, आणि त्या पिकाचं बी मात्र पुन्हा पेरायचं नसतं. दर साली नवं घ्यायचं. बनुबाईनं हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी ही बी माज्यासारखीच म्हनायची."

पण वस्तीचं रूप त्या बियाण्यानं पालटलं, हे कुणालाही नाकारता आलं नसतं. विहिरीवर इंजन बसलं. तिसगावच्या बाजारात नाथपंथी झोळीवाल्याच्या शेजारी एक शिंपी नवं मशीन मांडून बसला, कारण बायकांच्या हातात आपली मजुरी यायला लागली. लोहाराला खुरप्यांचं काम पुरेना. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, दिवाळी झाली की बैलगाड्या भरून, पोरंबाळं, कोंबड्या, चूल घेऊन कारखान्याच्या उसाला जाणारी सोळा घरं गेल्या साली मागं राहिली. उन्हाळी प्लॉटचं काम होतं म्हणून. शाळा पहिल्यांदा दिवाळीनंतर रिकामी झाली नाही.

त्या सगळ्याला एकच अट होती. प्लॉटच्या चहूबाजूंनी दोनशे मीटरमध्ये दुसरी बाजरी नको. तिचा फुलोरा वाऱ्यावर आला, की बियाण्यात भेसळ. बियाणं तपासायला येणारा साहेब त्याला विलगीकरण म्हणायचा. वस्तीवरची माणसं म्हणायची, वाऱ्याची हद्द.

यंदा बनुबाईचं रानही त्या हद्दीच्या आत पडत होतं. म्हणून तर मृगाच्या आधी गहिनीनाथ, तिचा मधला दीर, स्वतः वर येऊन सांगून गेला होता, वैनी, यंदा बाजरी नको, मटकी टाका. तिनं मान डोलावली होती आणि मटकीच पेरली होती. पण आसाराम कधी पेरणीची पाभर एकाच दाण्यावर चालू द्यायचा नाही. रानाला एकटा दाणा सोसत नाही, म्हणायचा. मटकी असो, हुलगा असो, ओटीत मूठभर बाजरी मिसळायचीच. पेरताना बनुबाईचा हात गाडग्यात गेला, मूठ भरली, आणि मटकीत सुटली. हाताची सवय की मनाची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एवढं मात्र खरं, की ती शेवटची मूठ होती. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला तेव्हा गाडग्यातली बाकीची तिनं दळून खाल्ली होती.

ही बाजरी कुसाची. कणसावर बारीक, उभी, सोनेरी कुसं, त्यामुळं पाखरू बसत नाही आणि राखणीला माणूस लागत नाही. गर्भगिरीच्या पल्याड तिचं माहेर. सासरी निघताना आईनं हिरव्या लुगड्याच्या चिंधीत मूठभर बांधून दिली होती. आता त्या माहेरात चूल पेटवायला कुणी उरलेलं नव्हतं. जात्यावर बसली की बनुबाईच्या ओठी यायचं,

*आईनं दिलं बी, मूठभर पदरात*
*माज्या माहेराचं रान, उभं सासरच्या दारात*

तिला लेक नव्हती. मग वस्तीवरून जी लेक सासरी निघेल, तिच्या पदराला ती एक पुरचुंडी बांधायची. गहिनीनाथाची रतन नेवाशाकडं दिली तेव्हा तिलाही बांधली होती. आता प्रवरेच्या काठी, काळ्या रानात आपली बाजरी कशी उंच होत असेल, हे सुगीच्या दिवसांत बनुबाई मनाशी बघत बसायची. दिवेलागण झाली, भाकरी झाली, आणि बोलायला कुणी नसलं, की ती हेच बघायची.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी उपास सोडायला खाली बोलावणं आलं. तेव्हाच ती समजली.

ओसरीवर सगळे बसले होते. गहिनीनाथ खांबाला टेकून. त्याची बायको पुष्पावती उंबऱ्याच्या आत, भाकरी थापत. पंचमीला आलेली रतन पोळ्यापर्यंत राहणार होती, ती आईच्या बाजूला. राधाकृष्ण कागदांची फाईल मांडीवर घेऊन. पायरीवर शेजारचा गनीभाई, ज्याचं पाच एकर प्लॉटमध्ये होतं. आणि अंगणात, दगडावर, भेसळ काढणाऱ्या बायकांची म्होरकी झुंबरबाई.

जेवणं होईतो कुणी विषय काढला नाही. पावसाचं झालं, इंजनाच्या पट्ट्याचं झालं. पुष्पावतीनं बनुबाईच्या ताटात न मागता तूप वाढलं आणि बनुबाईनं ते भाकरीच्या तुकड्यानं बाजूला सारलं. शेवटी गनीभाईच म्हणाला, "भाबी, चुगली केली म्हनू नका. गाडीवर उभा हुतो, वरनं समदं दिसतं. मीच सांगितलं ह्यांना."

"खरं ते सांगितलं," बनुबाई म्हणाली. "त्यात चुगली कसली?"

गहिनीनाथानं आवाज चढवला नाही. तो चढवणाऱ्यातला नव्हता. परवा बुधवारी साहेब येणार, साखळी धरून चारी अंगांनी चालणार, आणि हद्दीत एक ताट जरी उभं दिसलं तरी एकोणीस एकर बाद करणार, हे त्यानं हळू, शब्द मोजून सांगितलं. बाद झालं की उन्हाळी प्लॉट नाही. राधाकृष्णानं जबानी लिहून दिली होती की हद्दीत बाजरी नाही. ती खोटी ठरली तर त्याला पुन्हा कुणी उभं करणार नाही.

"कनसाला पिशव्या बांधल्या तर?" गनीभाईनं विचारलं. "फुलोरा आतल्या आत ऱ्हाईल."

राधाकृष्णानं मान हलवली. साहेब फुलोरा बघत नाही, म्हणाला, उभं ताट बघतो.

"सत्तर-ऐंशी ताटं हायेत," बनुबाई म्हणाली. "बी तेवढंच ऱ्हायलंय. गाडग्यात दाना न्हाई. ह्या साली कनीस हाती लागलं न्हाई तर संपलं."

"बियाला काय तोटा?" गहिनीनाथ म्हणाला. "पोतं देतो तुमाला. हायब्रीडचं, चांगलं."

"त्याला गोसाव्याचा रोग लागतो, भावजी. तुमच्याच रानात गेल्या साली कनसाच्या जागी जटा आल्या हुत्या, हिरव्यागार. माज्या बाजरीला तीस वर्सांत गोसावी लागल्याला मी पाह्यला न्हाई."

हे खरं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. राधाकृष्णानं तर एकदा तिच्याकडून दोन कणसं मागून नेली होती, राहुरीला दाखवायला. आता तो बोलेल, असं तिला वाटलं. वैनीचं बी जपायला पाहिजे, एवढं जरी म्हणाला असता तरी पुरे होतं. मग ताटं तिनं आनंदानं कापली असती.

पण आतून पुष्पावतीचा आवाज आला. भाकरी थापायची थांबली नव्हती.

"ज्याच्या मागं कोन न्हाई, त्यानं बी राखायचं कुनासाठी, आक्का?"

थापणं तेवढं चालू राहिलं. पट्, पट्, पट्. रतननं आईच्या कोपराला हात लावला. गहिनीनाथ अंगणात बघू लागला. गनीभाईनं टोपी काढून पुन्हा घातली. आणि राधाकृष्ण, तिच्या ताटातली भाकरी खाऊन वाढलेला, फाईलची दोरी सोडत होता आणि बांधत होता. सोडत होता आणि बांधत होता.

बनुबाई त्याच्याकडं बघत राहिली. त्याचं वर बघणं झालं नाही.

मग अंगणातून झुंबरबाई बोलली. तिचा आवाज चिरका होता, आणि मोठ्या माणसांत बोलतोय म्हणून तिनं आधी पदर सारखा केला. "बाई, मी तुमाला कापा म्हनत न्हाई. मला तेवडा हक न्हाई. पर माज्या दोन्ही पोरी यंदा शाळंत हायेत. मोठी पाटीवर माजं नाव काढती. प्लाट गेला तर मला उसाला कोयता काढावा लागंल, आन त्या पाचटाच्या कोपीत बसत्याल. एवडंच."

बनुबाईनं ताटावर हात धुतला. पुष्पावतीच्या बोलण्यानं ती ताठ झाली होती. कदाचित नाहीच म्हणाली असती. झुंबरबाईच्या बोलण्यापुढं ताठ राहायला तिच्याजवळ काही नव्हतं.

"उद्या कापते," ती म्हणाली. "पर इळा माजाच लागंल. दुसऱ्या कुनी रानात पाय ठेवायचा न्हाई."

वर जाताना तिला वाटलं, मागून पावलं येतील. पायवाटेवर ती दोनदा थांबली, दम लागला म्हणून. निदान तसं तिनं स्वतःला सांगितलं.

सकाळी दहिवरात विळा चालला. दोन-तीन ताटं रातोरात निसवली होती, कुसं बाहेर आली होती, अजून पिवळा फुलोरा धरला नव्हता. खालच्या पेरातून तिनं एकेक ताट कापलं. ती गात नव्हती. विळ्याचा आवाज आणि कांकणांचा आवाज, एवढंच माळावर होतं. निम्मं रान झालं तेव्हा तिनं मान वर केली, तर बांधावर रतन उभी. आत पाय न ठेवता.

"मोठी आई," रतन म्हणाली, "मला एक बोलायचंय. तू मला मारलंस तरी चालंल."

"बोल."

"तू पदराला बांधल्याली पुरचुंडी मी सोडलीच न्हाई. आमच्यात समदा ऊस हाय. सासू म्हनली, बाजरी खानारं घर न्हाई आपलं, गव्हाचं हाय. पेरायला कुनी बांधभर जागा दिली न्हाई. तू दर साली इचारायचीस, कशी आलीया, आन मी म्हनायची, डोक्याच्या वर गेलीया." ती रडायला लागली. "पाच वर्सं खोटं बोलले."

बनुबाई कापलेल्या ताटांच्या कवळीवर बसली. पाच वर्षं प्रवरेच्या काठचं ते रान तिनं डोळ्यांनी राखलं होतं. त्यात वारा आणला होता, चांदणं आणलं होतं, कणसं वाकवली होती. एका वाक्यात ते सगळं ओसाड झालं. रतनला ती काय बोलणार? खोटं का होईना, तेवढ्या पोरीनंच तिला रानभर बाजरी दिली होती.

ती म्हणाली, "मग ती हाय कुठं?"

"काय?"

"पुरचुंडी."

"खुंटीला. देवळीच्या वर. धुरात हाय, म्हनून कीड न्हाई लागली." रतननं डोळे पुसले आणि एकदम तिचे हात थांबले. "मोठी आई. तशीच हाय ती."

मग बनुबाई उठली आणि उरलेलं निम्मं रान तिनं कापून काढलं. कवळ्या बांधून डोक्यावरून खाली नेल्या, गहिनीनाथाच्या बैलांपुढं टाकल्या. पोळा चार दिवसांवर होता. बैलांनी कुसासकट सगळं चवीनं खाल्लं.

बुधवारी साहेब आला, साखळी फिरली, आणि प्लॉट पास झाला. ट्रक भरली त्या दिवशी झुंबरबाईच्या धाकटीनं पोत्यांना लावायचे पुठ्ठे मोठ्यानं वाचून दाखवले आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. बनुबाईनं ते वरून, छपराच्या दारातून ऐकलं. गहिनीनाथानं कबूल केल्याप्रमाणं हायब्रीडचं पोतं वर धाडलं. त्याची भाकरी पांढरी व्हायची, मऊ, आणि चवीला काहीच नाही.

दिवाळीनंतर गनीभाई बैल बघायला नेवाशाकडं गेला होता, तो येताना टोपीखाली रतनकडची पुरचुंडी घेऊन आला. "भाबी, खिशात ठेवली असती तर तंबाखूत मिसळली असती," तो म्हणाला. "डोक्यावर आनलीया, बघा." त्या दिवशी बनुबाई किती दिवसांनी हसली.

चिंधी हिरव्या लुगड्याचीच होती. तिनं दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवले. तिसऱ्या दिवशी उघडून पाहिलं. सहांना मोड आले होते. पांढऱ्या, बारीक शेपट्या. तिनं ते फडकं तळहातावर घेतलं आणि कुणाला तरी दाखवावं म्हणून दारात आली. पायवाट रिकामी होती. मग तिनं ते उन्हाला दाखवलं.

पण पेरायचं कुठं? पुढच्या मृगाला प्लॉट चाळीस एकरांचा होणार होता. हद्द माळ ओलांडून छपराच्याही वर जात होती. गहिनीनाथ पुन्हा स्वतः आला, खाट असूनही भुईवर बसला, आणि म्हणाला, वैनी, हेही रान प्लॉटात घेऊ, तुम्ही खाली घरात या, कोपऱ्यातली खोली मोकळी करतो. मनापासून म्हणाला. बनुबाईनं रान घ्या म्हटलं. खोलीचं काही बोलली नाही. फक्त राधाला साखळी घेऊन पाठवा, एवढं सांगितलं.

तो आला. त्या सोमवारनंतर दोघं पहिल्यांदाच एकटे भेटत होते. ओढ्याच्या पलीकडं, टेकडीच्या पोटाशी आसारामच्या वाट्याचा एक खडकाळ तुकडा होता. कुणी कधी नांगरला नव्हता.

"प्लाटाच्या कडंपासनं मोज," ती म्हणाली. "कुठवर जाऊ ते मला दाव."

एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, अशी साखळी चालली. वीस-वीस मीटर. ओढ्यात ती खडकावरून घसरली, तेव्हा त्यानं हात पुढं केला, पण साखळीचं टोक त्याच्या हातात होतं आणि मधलं अंतर सगळंच्या सगळं होतं. नववी साखळी ओढ्यापार पडली. दहावी खडकावर.

"हितं," त्यानं खुंटी ठोकली. "दोनशे झालं. हितनं फुडं फुलोरा जात न्हाई." मग त्यानं मागं वळून पाहिलं. घर दिसत नव्हतं, इंजनाचा आवाजही येत नव्हता. "वैनी, हितं छप्पर टाकून ऱ्हानार तू? रातीला दिवा बी दिसायचा न्हाई."

"आनखी एक टाक."

"कशाला? दोनशेच्या वर लागत न्हाई."

"ते बाजरीसाटी झालं," बनुबाई म्हणाली. "बोलनं वाऱ्यापेक्षा लांब पोचतं, राधा."

तो खुंटीजवळ उभा राहिला. वाळलेलं गवत त्याच्या पायाशी सळसळत होतं. "त्या दिवशी मी..." तो म्हणाला, आणि वाकून ठोकलेली खुंटी पुन्हा दाबू लागला.

तिनं आपलं टोक खुंटीवर टेकवून धरलं आणि त्याला चल म्हणून खूण केली. तो टेकडीकडं चालू लागला. साखळी दगडांवरून खुळखुळत उलगडत गेली, आणि मग ताणली.

"व्हय," ती तिथून ओरडून म्हणाली, "आता ठोक."